मदत हवी आहे: योरुबा (नायजेरियातला समाज) गटाचा एलडी ग्राफ (डीएनएवरचे शेजारचे बदल किती एकत्र वारशात येतात, ते अंतरानुसार दाखवणारा) एवढ्या पटकन खाली का येतो?

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या सेमिनारला पीसीएसके९ हा कोलेस्टेरॉलशी संबंधित जीन घेतलाय. २००५ ला डॅलसच्या अभ्यासात आफ्रिकन अमेरिकन लोकांपैकी साधारण २ टक्क्यांत हा जीन बंद पाडणारे बदल सापडले, त्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) जवळपास ४० टक्के कमी होतं आणि त्यातूनच पुढे कोलेस्टेरॉलच्या इंजेक्शनांना जोर आला, गोऱ्या लोकांत हे बदल जवळजवळ नाहीतच, म्हणजे फक्त तेच सॅम्पल बघत बसले असते तर हे हाती लागलंच नसतं.

तर थाउजंड जीनोम्स या जगभरातल्या लोकांच्या डीएनएच्या खुल्या डेटाबेसमधून इबादानचे १०८ योरुबा आणि ह्यूस्टनचे १०३ गुजराती घेतले (मराठी गट नाहीच त्यात, असो) आणि प्लिंक या सॉफ्टवेअरमध्ये क्रोमोसोम १ चा (पीसीएसके९ त्यावरच आहे) एलडी काढला. योरुबांची रेष सुरुवातीलाच धाडकन खाली, गुजरात्यांची आपली रमतगमत उतरतेय. सर म्हणतात डेटात गडबड आहे. मला वाटतं आफ्रिकेतली लोकसंख्या जुनी आणि मोठी, डीएनएचे पत्ते जास्त वेळा पिसले गेलेत, बाहेर पडलेले मूठभरच होते म्हणून आपले डीएनएचे एकत्र राहणारे तुकडे लांब राहिले. बरोबर ना?

खरी अडचण अशी की एमएएफ ०.०५ चा फिल्टर (गटात ५ टक्क्यांपेक्षा कमी आढळणारे बदल वगळणारा) दोन्ही गटांना वेगवेगळा लावायचा की दोघांत कॉमन असलेलेच एसएनपी (डीएनएतले एकेका अक्षराचे बदल) ठेवायचे? दोन्ही करून पाहिलं तर रेषा थोड्या हलतात. आणि सॅम्पल १०३-१०३ समान करू का? शुक्रवारी सेमिनार आहे, कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.