थार सीआरडीई: मागचे पाटे आणि शॉकअप बदलायचेत, लोड रोजचा आहे

धारूरकर

माझी २०१५ ची महिंद्रा थार सीआरडीई (डिझेल जीप) आहे, हार्डटॉप बसवलेली. पुढची स्प्रिंग म्हणजे टॉर्शन बार, मागची म्हणजे एकावर एक लोखंडी पाटे. धारूरच्या डोंगरात आमची वस्ती, शेवटचे चार किलोमीटर पाणंद. उन्हाळ्यात फुफाटा आणि टोकदार दगड, पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा. गाडीत रोज काहीतरी असतंच: दुधाचे कॅन, खताच्या गोण्या, हंगामात सोयाबीनचे कट्टे. शिवाय दर पंधरा दिवसांनी आईला अंबाजोगाईला दवाखान्यात न्यावं लागतं. तिच्या मणक्याची गादी सरकलेली आहे. मागच्या खेपेला पाणंद संपेपर्यंत ती समोरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. एक शब्द बोलली नाही. डांबरी लागल्यावर हात सोडला तर बोटं सरळ होईनात. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही.

दोन वर्षांपूर्वी मागची बाजू बसली म्हणून गाडी एका गॅरेजात नेली. त्यांनी मागे दोन्हीकडे एकेक जास्तीचा पाटा घातला आणि शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) लांब केले. मग पुढचं खाली दिसायला लागलं म्हणून टॉर्शन बार पिळून तेही उचललं. दिसायला गाडी झकास. पण रिकामी असली की मागून लाथा मारते. पुढचं चाक खड्ड्यात उतरलं की लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ‘टाक’ आवाज येतो. पुढच्या उजव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे, त्यावर धूळ बसून काळा चिकटा झालाय. पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचं एक रबरी बूटही फाटलं.

आता कोणी म्हणतं मोनोट्यूब (एकाच नळीचे शॉकअप) घ्या, कोणी म्हणतं बाहेर जादा तेलाचा डबा असलेले शॉकअप घ्या, कोणी दोन इंची लिफ्ट किट सुचवतं. मला उंची नको. लोड पेलावा आणि आईला त्रास होऊ नये, एवढंच पाहिजे. काय घेऊ?

मांजराकाठ

दादा, मी लातुरात पंचवीस वर्षं जीपगाड्यांच्या पाट्यांचं काम करतो. आधी पुढचं बघा. टॉर्शन बार म्हणजे सरळ दांड्याची स्प्रिंगच. त्याचा बोल्ट पिळला म्हणून तो कडक होत नाही, फक्त गाडी वर उभी राहते. चाकाला खाली लोंबायला जी जागा होती, ती तुम्ही उंचीत खर्च केली. आता खड्ड्यात चाक उतरलं की लगेच शेवटाला जाऊन आपटतं, तुमचा ‘टाक’ तोच. शॉकअप दरवेळी पूर्ण ताणला जातो, मग सील किती दिवस टिकणार? बूटही त्याच पायी फाटलं, शाफ्टचा कोन वाढला की रबराच्या घड्या एकमेकींवर घासतात. बार आधी कंपनीच्या उंचीवर आणा आणि अलाइनमेंट करून घ्या. या कामाला फारसा खर्च नाही.

आता मागचं. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप स्प्रिंगची उसळी आवरतो. ही दोन वेगळी कामं आहेत. बसलेल्या पाट्याला महागडा शॉकअप लावला तरी गाडी उचलत नाही. म्हणून दुकानात जायच्या आधी वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग फक्त मागची. एकदा रिकामी, एकदा रोजच्या लोडसह. दोन्ही वेळा मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजा, आणि एक्सल ते बंप स्टॉपचं रबर (एक्सल वर चासीवर आपटू नये म्हणून लावलेलं) यात किती फट राहते तेही मोजा. आकडे इथं टाका, मग बोलू.

कन्नडचा भटक्या

माझी जिप्सी आहे, चारही बाजूंना पाटे. दोन गोष्टी अनुभवानं सांगतो. मोनोट्यूबमध्ये पिस्टन थेट बाहेरच्या नळीतच फिरतो. घाटाखाली एका दगडानं माझ्या नळीला जेमतेम अंगठ्याएवढा पोचा पाडला आणि पिस्टन तिथेच अडकला. ट्विनट्यूबला बाहेरची नळी वेगळी असते, ती असला मार बऱ्यापैकी सोसते. दुसरं, मी पॅराबोलिक (मध्ये जाड, टोकांकडे पातळ होत जाणारे) पाटे टाकलेत. पाटे कमी आणि एकमेकांवर घासत नाहीत, त्यामुळे गाडीतला प्रवास खूप मऊ झाला. पण घासण्यातून मिळणारी आवरही गेली. जुन्या शॉकअपवर गाडी होडीसारखी डुलत होती, ते बदलल्यावरच ताब्यात आली. पॅराबोलिक घेणार असाल तर शॉकअपचा खर्च त्यातच धरा.

धारूरकर

काका, जिनिंगच्या काट्यावर मोजून आलो. माझ्यासह रिकामी: पुढे ९३०, मागे ८८० किलो. ३०० किलो खत भरून: पुढे ९१०, मागे १२००. मडगार्डची उंची साडेचार सेंटीमीटरनं उतरली. बंप स्टॉपची फट रिकाम्या गाडीत ७ होती, ती अडीच राहिली. आणि वर घातलेला पाटा काढून बघितला तर तो दीड फुटाचा जाड तुकडा निघाला, रंग दुसऱ्याच गाडीचा.

मांजराकाठ

शाब्बास. मोजून येणारं गिऱ्हाईक विरळा. आता बघा, ३०० किलो टाकलं आणि मागे ३२० वाढलं, कारण माल एक्सलच्याही मागे बसतो आणि पुढचं हलकं होतं. म्हणजे एका बाजूला १६० किलो, साडेचार सेंटीमीटरला. सेंटीमीटरला साधारण ३५ किलो झाले. हा पाटा मऊ नाही. त्याची कमान उतरलीय. भरल्या गाडीत अडीच सेंटीमीटर चाल उरली, तर प्रत्येक दगडाला एक्सल रबरावर जाणारच. आईंना बसणारे दणके हेच. वर तो आखूड तुकडा मधोमध घट्ट आवळलाय, म्हणून रिकाम्या गाडीत पाटा मधून वाकतच नाही. लाथा त्याच्या.

तुकडा काढा. जुन्या पाट्यांवर थंडीच हातोडी मारून कमान चढवून देणारे भेटतील, त्यात पैसे घालू नका. थोड्याच दिवसांत परत बसते. मूळ मापाचा नवा संच घ्या आणि सगळ्यात खाली एक सरळ हेल्पर पाटा बसवा. रिकाम्या गाडीत तो मोकळा राहिला पाहिजे, शंभर-दीडशे किलो पडल्यावरच टेकला पाहिजे. पाट्यांच्या टोकांत घर्षण कमी करणारे पॅड घाला, काळी माती आत वाळली की पाटे एकजीव होऊन बसतात. शॅकलही मूळ मापाचेच.

शॉकअप गॅसचे ट्विनट्यूबच घ्या, जरा जाड नळीचे. तुम्ही पाणंदीत पंधरा-वीसच्या वेगानं जाता. तेल तापून फेसाळायला तासन्‌तास वेगानं आदळत जावं लागतं, म्हणून बाहेरच्या डब्याचे पैसे वाचवा. दुकानदाराला ‘हार्ड द्या’ म्हणू नका. नेहमीचं वजन सांगा आणि त्या वजनाचा वाल्व्ह मागा. फार कडक शॉकअप असला की स्प्रिंगला हलूच देत नाही, मग दणका थेट पाठीत. माप असं घ्या: एक्सल बंप स्टॉपला टेकवून वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत अंतर मोजा. शॉकअपची बंद लांबी त्याहून दोनेक सेंटीमीटर कमी हवी, नाहीतर रबराच्या आधी शॉकअपच तळाला आदळेल.

आणि हे मिस्त्रीला उभं राहून करायला लावा: बुशचे (पाट्याच्या डोळ्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे कसायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पाट्यांवर, मग कसायचे. नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि चिरतं.

धारूरकर

तीन आठवडे झाले. पाटे, हेल्पर, चार शॉकअप, पुढचे बार खाली. गाडी पुढून आधीपेक्षा चार बोटं बुटकी झाली, चुलतभाऊ नाराज आहे. ‘टाक’ आवाज गेला. भरल्या गाडीत फट आता साडेपाच सेंटीमीटर राहते. टायरची हवा ३५ पीएसआय ठेवत होतो, रिकाम्या गाडीत २६ वर आणली, त्यानंही फरक पडला. आई परवा पाणंदीत एका हातानं दांडी धरून होती, दुसऱ्या हातात तिची रिपोर्टची पिशवी. येताना म्हणाली, वावरात तूर कशी आलीय बघ की जरा.

एकच शंका. उजवी बाजू डावीपेक्षा एक सेंटीमीटर खाली दिसते.

मांजराकाठ

तुम्ही आत बसून मोजलं की गाडी मोकळी ठेवून? चालक आणि डिझेलच्या टाकीचं वजन धरून तेवढा फरक चालतो. तरी सेंटर बोल्टचं (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं एक्सलच्या भोकात नीट बसलंय का बघा. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे घातले ना? जुने ताणलेले असतात, परत वापरायचे नसतात. आणि तीनशे किलोमीटर झाले असतील तर याच आठवड्यात ते पुन्हा कसून घ्या, नवे पाटे दबून बसले की ते हमखास सैल होतात.