काळ्या जमिनीवर काँक्रीटचे पार्किंग: स्लॅबची जाडी वाढवावी की मुरूम भरावा?

प्रश्न (दारव्हा तालुका):
नमस्कार. आमच्या मंगल कार्यालयासमोर अर्धा एकर मोकळी जागा आहे. जमीन भारी काळी असून पावसाळ्यात चारचाकी रुतते आणि उन्हाळ्यात भेगांमध्ये काठी जाते. तेथे काँक्रीटचे पार्किंग करावयाचे आहे. ठेकेदाराच्या मते मातीवरच खडी अंथरून 20 सेंमी जाडीचा, जाळी टाकलेला स्लॅब केल्यास मुरमाचा खर्च वाचेल. हे योग्य आहे काय? गाड्यांची आखणी कशी असावी, हेही कृपया सांगावे.

उत्तर (स्थापत्य अभियंता, यवतमाळ):
मुरूम वाचवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते. पावसाचे पाणी स्लॅबच्या कडेखाली आधी मुरते व मधली माती कोरडीच राहते, त्यामुळे कडा उचलल्या जातात, मधला भाग अधांतरी राहतो आणि पहिल्याच जड गाडीखाली तडकतो. जाळी तडा रुंदावू देत नाही, परंतु मातीचे फुगणे तिला थांबवता येत नाही.

मोटारींसाठी 15 सेंमी जाडीचे एम-30 प्रतीचे (एम-30 हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) काँक्रीट पुरेसे आहे. मंडपाचे ट्रक ज्या पट्ट्यातून येतील तेवढाच 20 सेंमीचा करावा. वाचलेला पैसा खालच्या भरावात घालावा: वरची मऊ माती काढून किमान 60 सेंमी मुरूम, 15 ते 20 सेंमीच्या थरांत, पाणी मारून आणि रोलर फिरवून. काळी माती मिसळलेला मुरूम परत पाठवावा. खोल खड्डा करून त्यात मुरूम भरल्यास आत पाणी साचून राहते, म्हणून भराव शक्य तितका जमिनीच्या वर घ्यावा आणि स्लॅबच्या बाहेर मीटरभर वाढवावा. अर्थात, कार्यालयाच्या जोत्याची उंची आधी मोजून घ्यावी.

उत्तर (बांधकाम पर्यवेक्षक, वाशीम):
वरील मताशी सहमत आहे. सुमारे 4 मीटरच्या चौकोनांत कटरने सांधे पाडावेत, खोली 4 ते 5 सेंमी. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्यासाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. कापताना कडेची खडी निघत नाही इतके काँक्रीट घट्ट झाले की लगेच, रात्र झाली तरी, कापावे. नंतर सांधे सीलंटने भरावेत, अन्यथा तेथूनच पाणी काळ्या मातीपर्यंत पोहोचते. ओतकाम पहाटे सुरू करावे. पीपीसी (पोझोलाना मिसळलेले) सिमेंट असल्यास आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान 10 दिवस ओल टिकवावी लागते. मातीची आळी करून पाणी भरून ठेवणे किंवा ओले गोणपाट अंथरणे हे पाइपाने अधूनमधून पाणी मारण्यापेक्षा कितीतरी चांगले.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. जोते रस्त्यापेक्षा 75 सेंमी उंच आहे, म्हणजे भरावाला वाव आहे. आखणीबद्दल कोणी सांगेल काय?

उत्तर (वास्तुरचनाकार, अमरावती):
एका मोटारीला 2.5 × 5 मीटर आणि समोरासमोरच्या रांगांमध्ये 6 मीटरचा रस्ता ठेवावा. रस्त्यासह प्रत्येक मोटारीला साधारण 25 चौरस मीटर धरल्यास अर्ध्या एकरात जेमतेम 80 मोटारी बसतील. दुचाकींची जागा त्यातूनच काढावी लागेल आणि लग्नसराईत तीच आधी भरते, म्हणून ती फाटकाजवळ असावी. दाराशेजारी अपंग व्यक्तींसाठी 3.6 मीटर रुंदीची जागा अवश्य ठेवावी. 100 मीटरला 1 मीटर उतार कार्यालयापासून दूर, पक्क्या नालीकडे द्यावा. दिव्यांच्या वायरींचे पाइप ओतकामापूर्वीच टाकून घ्यावेत. सावलीसाठी कडुलिंब लावताना मात्र ते स्लॅबच्या काठाला खेटून नसावेत, कारण मुळे मातीतील ओल ओढून घेतात आणि तेवढाच कोपरा खचतो.