स्मृती शिष्यवृत्तीचे निकष

दिवंगत ताईंच्या नावाची संगीत शिष्यवृत्ती केवळ परीक्षेतील गुणांवर द्यावी, असे मत या चर्चेत मांडले गेले आहे. त्यामागील निःपक्षपातीपणाचा आग्रह मला मान्य असला, तरी ज्या ताईंनी गाण्याइतकाच जीव माणसांना लावला, त्यांची ओळख नुसत्या गुणपत्रिकेत उतरणार नाही, असे मनापासून वाटते. कला आणि माणसांची काळजी हातात हात घालून चालतात, याचे एक उदाहरण देतो: फ्रेंच संगीतकार लिली बुलांजे आणि त्यांची बहीण नादिया यांनी पहिल्या महायुद्धात, लिली स्वतः आजारी असताना, आघाडीवरील संगीतकारांच्या मदतीसाठी समिती चालवली; १९१८ मध्ये लिली गेल्या आणि १९३९ मध्ये त्यांच्या नावाने गुणी संगीतकारांसाठी स्मृतिनिधी उभा राहिला.

म्हणून गायन-वादनाची चाचणी हवीच, शक्य तर परीक्षकांना उमेदवार दिसणार नाही अशी पडद्याआडून घेतलेली, पण तिच्या जोडीला उमेदवाराने आपली कला इतरांपर्यंत कशी पोहोचवली, हेही विचारले जावे. रक्कम फक्त शुल्कापुरती बांधून ठेवू नये; तुटलेल्या तारा, वाद्याची दुरुस्ती, साथीदाराचे मानधन आणि गुरूंकडे जाण्या-येण्याचा खर्च यांपायीच अनेकांचे शिक्षण अडते.

निधीबाबत एकच सांगतो. मुद्दलाला हात न लावता दरवर्षी त्याच्या सुमारे ४ टक्केच खर्च करावेत आणि उरलेले उत्पन्न मुद्दलात मिळवावे, अन्यथा महागाईमुळे काही वर्षांतच ही मदत नाममात्र होईल. निवड समितीत कुटुंबीयांचा एक प्रतिनिधी अवश्य असावा, मात्र बहुमत बाहेरच्या जाणकारांचे असावे.