अनुभव धागा: ग्वाल्हेरच्या उन्हात टिकलेल्या देशी फुलवेली

लष्करची माळीण
ग्वाल्हेरचा उन्हाळा काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. एप्रिलपासून लू (भाजून काढणारे गरम वारे) सुरू, मेमध्ये पारा ४५ च्या वर, नळ एक दिवसाआड, आणि आमच्यासारखी जुनी दगडी घरं असली की गच्चीच्या पटिया (दगडी फरश्या) रात्री जेवणं झाल्यावर पण तळपायाला चटका देतात. अशात फुलांची वेल मागितली की नर्सरीवाला डोळे मिटून बोगनवेल हातात ठेवतो. टिकते, वादच नाही, पण ती ब्राझीलकडची. अलमांडा तिकडचीच, आइसक्रीम क्रीपर मेक्सिकोची, आणि आपण एवढ्या भक्तीने लावतो ती गणेशवेल, ती पण मूळची अमेरिकेतली (सासूबाईंना हे सांगून बघितलं, त्या दिवशी चहा मिळाला नाही). तर इथे फक्त आपल्याकडच्या वेलींबद्दल लिहा, कुठे लावली, पाणी किती देता, मे-जूनमध्ये तिचं नेमकं काय होतं ते. नुसते बहरातले फोटो नकोत.

मीच सुरुवात करते. माझ्याकडे पश्चिमेच्या भिंतीवर जुई आहे, इथे जूही म्हणतात तीच. मूळ भिंतीशी नाहीये, जिन्याच्या सावलीत आहे, आणि वेल तिथून तिरकी ओढून भिंतीवर नेलीय, म्हणजे डोकं उन्हात पण पाय गारव्यात. आधी तिथे लोखंडी जाळी होती ती काढून टाकली कारण दुपारी तिला हात लावता येत नाही मग कोवळे शेंडे काय टिकणार. आता बांबू आणि सुतळी, ते पण भिंतीपासून वीतभर लांब, मधून हवा खेळते. डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ तोडते, जानेवारी संपता संपता कचाकच छाटते, मग शेणखत आणि भरपूर पाणी. नवी फूट येते तिच्यावरच कळ्या धरतात. लू सुरू झाली की निम्मी पानं गाळते आणि काडीसारखी उभी राहते. तेव्हा घाबरून बादल्या ओतायच्या नाहीत, ती मेलेली नसते, झोपलेली असते. नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं दिसलं की गप्प बसा.

मुरारची काकू
छान धागा काढलास गं. माझी गोकर्ण, नर्सरीत अपराजिता म्हणून मागा. एकेरी पाकळीची घ्या, डबलवाली दिसते सुंदर पण माझ्याकडे एकेरीच जास्त दणकट निघाली. बी टणक असतं, रात्रभर पाण्यात भिजत घालायचं, फुगलं नाही तर सँडपेपरवर जरासं घासायचं. आणि मुख्य म्हणजे पहिला पाऊस झाला की लावायची, मार्चमध्ये नाही!! लोक होळी झाली की उत्साहाने रोपं आणतात आणि मुळं धरायच्या आत लू येते. पावसाळाभर मुळं खाली गेली की पुढच्या उन्हाळ्यात तिचं ती बघते. शेंगवर्गातली आहे, मुळांवरच्या गाठींमुळे नत्र हवेतून घेते, त्यामुळे युरिया वगैरे टाकायची काही गरज नाही, टाकलात तर नुसता पालाच. शेंगा मात्र तोडत राहायच्या, वेलीवर पिकू दिल्या की फुलं कमी होतात. आपल्याकडच्या थंडीत ती पार मरगळते, फेब्रुवारीत वीतभर ठेवून कापा, फुटते.

पाण्याचं म्हणाल तर मी मडकं पुरते. साधं मातीचं, रंग न दिलेलं, रंगवलेलं झिरपत नाही. गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर पणती झाकायची नाहीतर डास होतात. मूळ आपोआप त्याच्याकडे जातं. गावाला जायचं असलं तरी शेजारणीला किल्ली द्यावी लागत नाही.

थाटीपूरचा इंजिनिअर
काकू, मडक्याला +१. पाण्यावरून आठवलं, एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्या. आपल्याकडे घरोघरी कूलर, आणि सीझन संपला की टाकीतलं उरलेलं पाणी "वाया कशाला" म्हणून कुंडीत. अहो कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार नाही उडत, ते खाली साठत जातात, म्हणून तर खसच्या पॅडवर पांढरे थर बसतात. तेच पाणी कुंडीत गेलं की मातीवर पांढरी साय आणि पानांच्या कडा करपलेल्या. मग लोक म्हणतात उन्हाने जळली. आरओ फिल्टरने बाहेर सोडलेलं पाणी पण त्याच जातीचं, त्याने फरशी पुसा. उलट एसीच्या नळीतून जे थेंब थेंब पडतं ते हवेतलं बाष्प गार होऊन झालेलं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच, ते बादलीत धरा आणि खुशाल वेलीला घाला. माझा कुंद त्याच्यावरच आहे. कुंद थंडीत फुलतो, इतर सगळं ठप्प असताना, म्हणून मला आवडतो. वास फार नाही, पण पांढरा सडा पडतो सकाळी.

हजिरावाले दादा
गुळवेल लावा. कडुलिंबावर सोडा. विषय संपला.

लष्करची माळीण
दादा फुलवेलींचा धागा आहे हो 😄 गुळवेलीचं फूल बघायला भिंग लागतं.

हजिरावाले दादा
तुटलेला तुकडा कुंपणावर लटकत राहिला तरी वरून मुळं सोडून जमिनीला टेकते. तुमची जुई करून दाखवेल का.

फुलपाखरांची ताई
दादा 😂😂

मी वाघाटी सुचवते. मूळ आमच्या विदर्भातल्या आजोळची, आई आषाढीच्या दुसऱ्या दिवशी उपास सोडायला वाघाट्याची भाजी करायची, इथे बाजारात कुठे मिळणार म्हणून बी आणून कुंपणाला लावलं. काटे आकडे असलेले, उलटे, ओढणी अडकली की फाटूनच निघते, त्यामुळे दारापाशी अजिबात नको. पण कोरड्यात हिच्याइतकी चिवट मी तरी बघितली नाही. फूल ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, फेब्रुवारी ते एप्रिल, पांढरं, लांब लांब पुंकेसर बाहेर आलेले, आणि उमलल्यावर हळूहळू गुलाबी-जांभळं होत जातं म्हणून एकाच फांदीवर दोन रंग दिसतात. गच्चीवर माकडं उच्छाद मांडतात पण हिच्या वाटेला जात नाहीत. फळं धरायला मात्र वेळ लागतो, धीर धरा.

शिवाय मागच्या भिंतीवर उतरण आपली आपण आलीय. लोक तण म्हणून उपटतात. तोडली की पांढरा चीक येतो, केसाळ शेंगा जोडीने लागतात, फुलं हिरवट पांढरी झुपक्यात. प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात, ते केशरी, पंखांच्या टोकाला काळ्यात पांढरे ठिपके असलेलं. अळ्या पानं फस्त करतात, करू द्या, परत फुटतात. औषध मारायचं असेल तर उतरण लावूच नका.

कंपूकर
माझं दुखणं वेगळंच. मला माधवी हवी होती. एका नर्सरीने छातीठोकपणे माधवी म्हणून जे दिलं ते वाढलं, फुललं, आणि निघाली मधुमालती! म्हणजे वाईट नाही, संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी मग लाल, वास पण छान, पण मला ती नको होती ना. परत गेलो तर म्हणे साहेब एकच असते. एकच नसते. माधवीचं पान जाड, चामड्यासारखं, चकचकीत, फुलाच्या पाकळ्यांना झालर आणि पाचातल्या एका पाकळीवर पिवळा डाग. फळाला तीन पंख असतात, वाऱ्यावर गरगर फिरत खाली येतं. तेव्हा फुलावर आलेलं रोप बघूनच घ्या नाहीतर पंखवालं बी मिळवा. शेवटी बियांपासूनच केली. सुरुवातीला अगदी मंद, पण नंतर खोड दोरखंडासारखं होतं, त्यामुळे सुतळी-बितळी विसरा, लोखंडी पाइपाचा मांडव लागतो. माझ्याकडे मार्चमध्ये फुलते, म्हणजे लूच्या आधी मोकळी होते, मग मेमध्ये आपण विचारायला पण जात नाही.

छावणीची सून
घरी लहान मूल आहे, कळलावी लावावी का? फोटो बघून वेडी झालेय.

मुरारची काकू
नको गं बाई. सगळं झाड विषारी, कंद तर सगळ्यात जास्त, त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. मूल मोठं होऊ दे. मग लाव, कारण आपल्या हवेला ती अगदी फिट आहे, थंडीत वरचं सगळं वाळून जातं, कंद जमिनीत झोपतो, तेव्हा पाणी बंद म्हणजे बंद, पावसाच्या सुमारास कोंब येतो. पानाच्या टोकानेच धरून चढते, तिला तुराट्या दिल्या तरी पुरे. कंद लावताना मोजे घाल आणि टोक मोडू देऊ नकोस, डोळा टोकालाच असतो. तोपर्यंत गोकर्ण लाव, बी माझ्याकडून ने.

छावणीची सून
नक्की येते काकू. आणि कुंडी केवढी घेऊ? गच्ची आहे फक्त, जमीन नाही.

थाटीपूरचा इंजिनिअर
वहिनी, जेवढी मोठी परवडेल तेवढी, आणि काळी प्लास्टिकची नको, मुळं शिजतात. मातीची घ्या, खाली विटा ठेवून पटियांपासून उचला, पश्चिमेकडून गोणपाट गुंडाळा. वर वाळलेल्या पानांचा थर. मेमध्ये पानाखाली बारीक जाळं आणि फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) आहे, कोरड्या हवेत तो फोफावतो, सकाळी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारत राहा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

कंपूकर
जाता जाता. करटोली कुणी लावलीय का? फूल पिवळं नाजूक, कंद जमिनीत राहतो, दर पावसाळ्यात परत येते, म्हणजे इथल्या नियमात बसते. पण तिच्यात नर वेल वेगळी आणि मादी वेगळी, आणि माझ्या सगळ्या नर निघाल्यात, नुसती फुलं, भाजी शून्य. कुणाकडे मादी कंद असेल तर माधवीच्या बियांच्या बदल्यात घेईन.