अनुभव धागा : न पटणाऱ्या श्रद्धेशी बोलताना

"सगळे धर्म शेवटी एकच सांगतात" असं म्हटलं की भांडण टळतं खरं, पण बोलणंही तिथेच खुंटतं. सोळाव्या शतकातल्या एकनाथांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त दोघंही एकमेकांच्या ग्रंथांवर, पूजेवर, रीतीभातींवर तुटून पडतात. शेवटी गळाभेट होते, ती सगळं तोंडावर बोलून झाल्यावर. जोतीरावांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त (१८९१) तर एक घरच कल्पिलं आहे : बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध झाली, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि तरी कुणी कुणाचा द्वेष करत नाही. मला हे घर फार जवळचं वाटतं. त्यात कुणालाच आपली श्रद्धा पातळ करावी लागत नाही.

फराळ आणि शिरखुर्म्याच्या देवाणघेवाणीबद्दल आपण नेहमीच लिहितो. इथे त्याच्या पुढचं लिहा. दुसऱ्याच्या श्रद्धेतलं जे पटत नाही, त्याबद्दल समोरासमोर कधी बोललात का? मग काय झालं?

माहेर नागपूर, सासर पुणे

आम्ही बौद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबा दीक्षाभूमीवर होते. माझं लग्न देशस्थ घरात झालं. पहिल्याच गौरींना सासूबाई म्हणाल्या, "मुखवट्यांना हळदकुंकू तू लाव, मान सुनेचा." मी म्हटलं, "आई, पुरण वाटते, पंगत वाढते, पण पूजा मी नाही करणार." घरात एकदम शांतता.

रात्री सासऱ्यांनी बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा दाखवायला सांगितल्या. मोबाईलवर काढून दिल्या. चष्मा लावून एकेक वाचत गेले. गौरी-गणपतीला देव मानणार नाही, ही ओळ आली तिथे थांबले, चेहरा उतरला. "म्हणजे आमचे देव तुला खोटे वाटतात?" मी म्हटलं, "मी त्यांना देव मानत नाही. का मानत नाही ते सांगायचं तर आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, तिथून सुरुवात करावी लागेल." मग तिथूनच सुरुवात केली. खूप उशिरापर्यंत बोलत होतो. त्यांना सगळं पटलं नाही, राम-कृष्णांची प्रतिज्ञा आजही टोचते म्हणतात, आणि ते मनात न ठेवता सांगतात याचं मला बरं वाटतं. पुढच्या वर्षी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी मला खोदून विचारलं, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "ती नाही करत. तिचा धर्म वेगळा आहे." सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात.

मिरजेहून

आमच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीला, मान असतो, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं चालतं. पाहुणे म्हणतात, इथे धर्म आडवाच येत नाही! येतो की. माझा वर्गमित्र दर्ग्याच्या आत पाऊल टाकत नाही, अल्लाशिवाय कुणापुढे वाकायचं नाही हे त्याचं ठाम मत. त्याचे वडील मात्र दर गुरुवारी फुलांची चादर घेऊन जातात. दोघांशी स्वतंत्रपणे बोललो, दोघांनीही कुराणाच्याच आधारे सांगितलं. आता "मुसलमानांचं म्हणणं काय?" असं कुणी विचारलं की मी विचारतो, बापाचं की मुलाचं?

वसईहून, सामवेदी ख्रिस्ती

२ नोव्हेंबरला आम्ही कबरींवर फुलं ठेवतो, मेणबत्त्या लावतो. शेजारचे काका, काकू गेल्यानंतरच्या वर्षी, माझ्यासोबत आईच्या कबरीपाशी आले. म्हणाले, "तुमची माणसं परत जन्माला येत नाहीत, मग असतात कुठे?" मी अंतिम दिवसाबद्दल, मृतांच्या उठण्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "एवढी वाट? मला नाही झेपायची. ही कुठेतरी कुणाच्या तरी घरी जन्मली असेल, एवढं पुरे मला." मला त्यांचं झेपेना. आई परत आली आणि मला ओळखणारच नसेल, तर ती माझी आई कशी? तेही मी बोललो. काका बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, "याचं उत्तर माझ्याकडे नाही रे."

मुंबईहून

वर सगळ्यांनी मनापासून लिहिलंय. माझा अनुभव मात्र वेगळा आहे. भाड्याचं घर शोधताना फोनवर आडनाव सांगितलं की फ्लॅट "कालच गेला" असतो. एका सोसायटीत मी म्हटलं, समोर बसू, काय शंका असतील त्या विचारा. कमिटी बसली. बकरी ईदचं विचारलं, जिन्यात काही करणार का म्हणून. कुर्बानी महापालिकेने ठरवून दिलेल्या जागी होते, मांसाचे तीन वाटे करायची रीत आहे, त्यातला एक गरिबांचा, हे सगळं सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही, चहा झाला, निघताना एका आजोबांनी पाठीवर हात ठेवला. घर दिलं नाही.

तेव्हा संवादाने सगळं सुटतं असं मला कुणी सांगू नये. सध्याचा अकरा महिन्यांचा करार संपत आलाय. पुढच्या सोसायटीतही मी समोर बसूनच बोलणार आहे. ज्याला नाही म्हणायचंय त्याने माझ्या तोंडावर म्हणावं, आणि का ते सांगावं.