समोर माणूस खरे पत्ते वाटतोय, मग लाइव्ह कॅसिनोला फ्रॉड का म्हणायचं?

रात्रपाळी_ठाणे:
ऑफिसात परवा यावरून जोरदार वाजलं म्हणून इथे टाकतोय. मी शनिवारी रात्री लाइव्ह अंदर-बाहर खेळतो (आधी एक पत्ता उघडतात, तो जोकर, मग त्याच आकड्याचा पत्ता अंदर पडतो की बाहर यावर पैसे), पाचशे रुपये टाकतो, गेले तर गेले. सॉफ्टवेअरवालं रुलेट कधी खेळलो नाही, त्याच्या आत काय चालतं देव जाणे, पण इथे खरी बाई बसलेली असते, खरं टेबल, ती पत्ता उलटते तो कॅमेरा वाचतो आणि लगेच स्क्रीनवर येतो. मागच्या दिवाळीत मी चॅटमध्ये हॅपी दिवाळी टाकलं तर तिने माझं आयडीचं नाव घेऊन (मोडून का होईना) परत शुभेच्छा दिल्या. जोकर निघाला बदाम दश्शी, तेवीस पत्ते झाले तरी दश्शी येईना, पोटात गोळा आलेला राव. लोक गोव्याला बोटीवर जाऊन उडवतात ते चालतं आणि मी सोफ्यावर बसून केलं की जुगारी?

अंकगणित:
पत्ते खरेच असतात रे, चिटिंगची त्यांना गरजच नाही. पहिलं पान अंदरला पडतं म्हणून ती बाजू साधारण ५१.५ टक्के वेळा जिंकते, पण तिथे शंभरावर नफा नव्वदच देतात. बाहरला पूर्ण शंभर देतात पण ती कमी वेळा येते. हिशोब मांडला तर अंदरवर शंभरामागे २.१५ रुपये आणि बाहरवर ३ रुपये त्यांचे, कुठेही लाव. एवढं उघड चाललंय, मग त्या बाईने पत्ता लपवायचा कशाला?

रात्रपाळी_ठाणे:
अरे मग तर माझाच मुद्दा झाला की! शंभरचा डाव, तासाला चाळीस डाव धर, म्हणजे बाहरवरच बसलो तरी १२० रुपये. मल्टिप्लेक्सला पॉपकॉर्नचे याहून जास्त जातात आणि तिथे कोण हॅपी दिवाळी पण म्हणत नाही 😄

अंकगणित:
ही सरासरी झाली, ती पण प्रत्येक डाव शंभरचाच लावणाऱ्याची. तू हरल्यावर डबल करत नाहीस? खरं सांग. शंभर, दोनशे, चारशे, आठशे, सोळाशे, बत्तीसशे. सहा डाव ओळीने गेले की ६३०० साफ. आणि सहा ओळीने जाणं म्हणजे काही चमत्कार नाही, टेबलाखाली मागचे निकाल दिसतात ना, तेच जरा वर सरकवून बघ.

मांडवीकाठ:
बोटीचं नाव निघालं म्हणून सांगते, मी पणजीची. बोटी आमच्या मांडवीत उभ्या, लायसन आमच्या सरकारचं, आणि २०२० पासून गोवेकरांना आत जाऊन खेळायला बंदी. यातच काय ते समजा. पण बोट आणि मोबाइल सारखा नव्हे. बोटीवर जायला कपडे घालून घरातून निघावं लागतं, छोट्या बोटीत बसून पलीकडे जावं लागतं, पैसे संपले की परत किनाऱ्यावर यावं लागतं, त्या वाऱ्यात अर्धी नशा उतरते. मोबाइल उशाशीच असतो. माझ्या नात्यातला एक मुलगा बाथरूममध्ये बसून खेळायचा, नळ सोडून, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. पाण्याची टाकी रिकामी व्हायला लागली तेव्हा घरात कळलं.

हपापाचा_माल:
ताई वाईट वाटलं, पण एक मुलगा बिघडला म्हणून सगळ्यांना बंदी? महाराष्ट्र सरकार १९६९ पासून स्वतः लॉटरी विकतंय. ती काय स्किल आहे का? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने दोन दिवसात कायदा पास केला, पैशाचा ऑनलाइन गेम चालवला तर तीन वर्षं आणि एक कोटी, जाहिरात केली तर दोन वर्षं आणि पन्नास लाख, स्किल असो की नशीब. खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे बरं केलं. पण त्याने झालं काय, इथे टॅक्स भरणारी दुकानं बंद पडली आणि बाहेरून चालणारी टेबलं चालूच. परवाना द्या, मर्यादा घाला, टॅक्स घ्या, विषय संपला.

लालबागचे_काका:
लहानपणी मटका जवळून पाहिलाय म्हणून दोन शब्द. आधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लागायचा, साठच्या दशकात ते बंद झाल्यावर रतन खत्रीचा पत्त्यांवर चालणारा मटका आला. चाळीत सगळे हेच म्हणायचे, चारचौघांसमोर पत्ते काढतात, लबाडी नाही. नसेलही. आमच्या मजल्यावर गिरणीचा पगार झाला की त्या संध्याकाळी बायका नवऱ्यांना आणायला गेटवर जाऊन उभ्या राहायच्या, कारण वाटेतच मटक्याचे आकडे घेणारा ओपन-क्लोजवाला बसलेला. पत्ते खरे की खोटे यावर त्या कधी भांडल्याचं मला आठवत नाही.

रात्रपाळी_ठाणे:
काका मी पाचशेवाला आहे हो, पगारवाला नाही.

खातं_गोठलं:
पाचशेवाला मी पण होतो. एकच विचारतो, पैसे भरताना यूपीआयवर नाव कुणाचं येतं बघितलंस? माझ्याकडे दर वेळी वेगळं, एकदा कुठलं तरी जनरल स्टोअर्स, एकदा नुसतंच कुणाचं तरी नाव. मला वाटायचं पेमेंटवाल्यांचं काहीतरी असेल. मग एकदा ९,००० जिंकलो, काढले, खात्यात आले, पेढे आणले. बारा दिवसांनी खातं फ्रीझ. आलेले पैसे ज्या खात्यातून आले त्यात कुणाचे तरी फसवून लुबाडलेले पैसे फिरले होते, तक्रार दुसऱ्याच राज्यातल्या सायबर पोलिसांकडे. होमलोनचा हप्ता त्याच खात्यातून, तो बाउन्स. बँकेत मॅनेजरसमोर बसून सांगायचं काय, की साहेब मी अंदर-बाहर खेळत होतो? पत्ता खरा होता रे, ती बाई पण खरी होती, हिंदीत गोड बोलायची. पण ती कुठल्या देशात बसलीय, तिची कंपनी कुठली, माझे पैसे कुणी घेतले, यातलं मला आजपर्यंत काही कळलेलं नाही.

हपापाचा_माल:
म्हणूनच म्हणतो परवाना द्या. दार बंद केलं की लोक असे खिडकीतून जातात.

मांडवीकाठ:
आमच्याकडे परवाना आहे हो. त्याच परवान्यावर आम्हालाच बाहेर ठेवलंय. कशाला ठेवलं असेल?

अंकगणित:
@रात्रपाळी आत्ता आत किती पडलेत?

रात्रपाळी_ठाणे:
३,२००. आणि हो, करतो डबल कधीकधी.

अंकगणित:
काढून टाक की.

खातं_गोठलं:
पगाराच्या खात्यात नको घेऊस पण!

रात्रपाळी_ठाणे:
सकाळीच टाकलीय रिक्वेस्ट. पेंडिंग दाखवतंय. सपोर्टला विचारलं तर म्हणे आधी अजून हजारचे डाव पूर्ण करा.