मदत हवी आहे : इंग्लंडच्या यादवीतील वचनांच्या मराठी अनुवादासाठी

नमस्कार. सतराव्या शतकातील इंग्लंडच्या यादवी युद्धात राजा आणि सरदार यांच्या तोंडून निघालेल्या मार्मिक वचनांचा मी मराठी अनुवाद करीत असून दोन ठिकाणी अडले आहे.

४ जानेवारी १६४२ रोजी पाच सभासदांना पकडण्यासाठी पहिला चार्ल्स स्वतः संसदेत शिरला, तेव्हा रिकामी आसने पाहून तो जे म्हणाला, ते ‘पाखरे उडून गेली’ असे मराठीत सहज उतरते. अडचण आहे ती ३० जानेवारी १६४९ च्या, म्हणजे त्याच्या शिरच्छेदाच्या दिवशीच्या, वाक्याची. थंडीने अंग कापले तर तो भीतीचा कंप आहे असे लोकांना वाटेल, म्हणून त्या सकाळी त्याने दोन सदरे चढवले होते; वधमंचावर तो म्हणाला की, मी नाशवंत मुकुटाकडून अविनाशी मुकुटाकडे जात आहे. या शब्दांत करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पडसाद आहे. मराठी बायबलच्या जुन्या आवृत्तीत तेथे नेमके कोणते शब्द योजले आहेत, हे कोणी पाहून सांगेल का?

दुसरे वचन राजाच्या बाजूने लढणारे सेनानी सर जेकब आस्टली यांचे. १६४२ मध्ये एजहिलच्या लढाईपूर्वी त्यांनी प्रार्थना केली : ‘देवा, आज मी किती कामात असेन हे तू जाणतोस, मी तुला विसरलो तरी तू मला विसरू नकोस.’ मला ही सर्वांत हृद्य वाटते, पण शिपायाचा रांगडा साधेपणा माझ्या वाक्यात उतरत नाही. तुम्ही ती कशी लिहाल?